कडी नसलेलं घर

आमच्या अण्णांइतका दाराच्या कडीचा वैरी अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. माझे वडील शाळेत इतिहास शिकवत, आणि इतिहासातल्या कुठल्याही आक्रमकापेक्षा त्यांना आतून लावलेली कडी जास्त धोक्याची वाटे. किल्लारीकडच्या एका खेड्यात भूकंपात माझी आत्या गेली. ढिगारा उपसायला अण्णा स्वतः गेले होते. "दाराला आतून कडी होती," एवढंच ते परतल्यावर बोलले. मग पेचकस घेऊन त्यांनी आमच्या घरातल्या एकूण एक कड्या काढल्या. "माणूस सापडाया पाहिजे," म्हणाले. बाईनं, म्हणजे आमच्या आईनं, त्या कड्या लोणच्याच्या बरण्यांवर दडपण म्हणून ठेवल्या आणि वर म्हणाली, "चोर आला तर येऊ द्या. एवढ्या माणसांच्या भाकरी थापायला हाताखाली कुणीतरी लागतंच."

आम्ही नऊ भावंडं, त्यात आत्याची दोन मुलं येऊन मिळालेली. अशा घरात न्हाणीघराला कडी नाही, म्हणून अण्णांनी नियम केला: आत गेलेल्यानं गात राहायचं. गाणं चालू असेतो दाराला कुणी हात लावायचा नाही, थांबलं की ढकलायचं. थोरला भाऊ आरत्या म्हणे, धाकटी तोंडानं वरातीचा बँड वाजवी. स्वतः अण्णा बहामनी सुलतानांची वंशावळ चालीत म्हणत. मी गप्प, पुस्तकांत रमणारी मुलगी, मला गाता येत नसे. मी पायथागोरसचा सिद्धांत सिद्धतेसकट म्हणे. बाहेरून बाईचा आवाज येई, "कोण हाय गं आत? भूमिती हाय? मग लई येळ हाय अजून!"

ताईला पाहायला उदगीरहून मंडळी आली तेव्हा मुलाचे वडील हातपाय धुवायला न्हाणीघरात गेले. आत शांतता पसरली तसे अण्णा दाराशी जाऊन अदबीनं म्हणाले, "पाहुणे, गा की." मुलीबरोबर व्याह्याचीही परीक्षा घ्यायची इथली रीत असावी, असं समजून त्या बिचाऱ्यांनी कापऱ्या आवाजात शाळेतली प्रार्थना म्हटली. लग्न ठरलं. "असं घर पुन्हा सापडायचं न्हाई," असं ते जाताना म्हणाले. ती स्तुती होती की काय, हे ताईला अजूनही कळलेलं नाही.

पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. गल्लीत घरोघरी लोक खोल्या पाडून बारावीची मुलं ठेवू लागले. आमची खोली बघायला आलेले पालक मात्र दार बघून परत जात. मला मेडिकलला जायचं होतं, आणि भावंडांच्या गोंगाटात पानभर वाचणं होत नव्हतं.

"अण्णा, एकच कडी. परीक्षेपुरती."

"न्हाई."

मी रडले, जेवले नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तर खोलीच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून अण्णा बसलेले. "आतून कडी न्हाई मिळायची," ते म्हणाले, "पण भाईर बाप हाय. वाच." परीक्षा संपेपर्यंत शाळेतून आले की ते तिथेच बसत. बाईलाही आत सोडत नसत. "माझ्याच घरात मला मज्जाव? कामून?" ती कडाडे. बसल्या बसल्या ते असे घोरत, की त्यापुढे भावंडांचा गोंगाट परवडला. पण उंबरा कुणी ओलांडला नाही, आणि मी डॉक्टर झाले.

बाई गेल्यावर ते नांदेडला माझ्याकडे राहायला आले. ते येण्याआधीच मी न्हाणीघराची कडी काढून ठेवली होती. त्यांनी स्क्रूच्या रिकाम्या भोकांवरून अंगठा फिरवला आणि समाधानानं चहा मागितला.

एका सकाळी सुलतानांची वंशावळ मध्येच थांबली. मी दार ढकललं. ते उघडलं. पंचा नेसून अण्णा भिंतीला टेकून बसले होते, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून डोळे हसले.

"सापडलो का?"

"सापडलात, अण्णा."

आठवड्याभरानं ते गेले, माझा हात हातात घेऊन.

कडी परत बसवायची का, असं नवऱ्यानं विचारलं. मी नको म्हणाले. सकाळी आत मी अजूनही पायथागोरसच म्हणते. सिद्धता संपली की जरा गप्प राहते. दार कुणी ढकलत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.