शीलाताईंचा अंगठा

यवतमाळच्या एमआयडीसीत चिकटपट्ट्या बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या प्रयोगशाळेत दोघीच काम करायच्या. एक निकिता मॅडम, कळंबच्या, नागपुरात रसायनशास्त्र शिकून आलेल्या. दुसऱ्या शीलाताई, आठवी नापास. हसू नका. या दोघींत कोणाचं कोणावाचून अडायचं, ते सांगतो.

शीलाताई तिथे लागल्या त्या झाडू-पोछ्याला. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी लोकांच्या वावरात कापूस वेचला होता. एके दिवशी टेबल पुसता पुसता त्यांनी एका पट्टीला अंगठा लावला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे दोन दिवसात सुटते."

तिसऱ्या दिवशी ती पट्टी खरंच कडेनं सुटून लोंबत होती. दुसरी कोणी असती तर योगायोग म्हणून मोकळी झाली असती. निकिता मॅडमनी मात्र बाईंच्या हातातला पोछा काढून घेतला आणि बसायला स्टूल दिलं.

काम होतं दवाखान्याच्या पट्टीचं. सलाईनची नळी हातावर धरून ठेवते ना, ती. घामानं सुटायला नको, अन् काढताना म्हाताऱ्या माणसाची कातडी सोबत यायला नको. गोंद नव्या रीतीचा होता. काकवीसारखा पातळ रस फिल्मवर पसरायचा आणि ती फिल्म यूव्ही दिव्याखालून न्यायची. उजेड लागला की रसाचा गोंद होतो, भट्टी लागत नाही. सावकाश नेली तर गोंद पक्का होतो, घाईनं नेली तर आत कच्चा राहतो. सारा खेळ तेवढ्यावर.

पट्टी मशीनवर सोलून किती जोर लागला ते मॅडम लिहून घ्यायच्या. मग शीलाताई अंगठा टेकवायच्या, दोन श्वास थांबायच्या, उचलायच्या. "हे बसते, पण धरत नाही," असं काहीतरी सांगायच्या आणि मॅडम तेही लिहायच्या. दीड वर्ष असं चाललं. पूर्वी ज्यांना सगळे 'ओ बाई' म्हणून हाक मारायचे, त्यांना आता मालक इंद्रजितभाऊसुद्धा 'शीलाताई' म्हणत. माणसाला आणखी काय पाहिजे असतं हो?

ऑगस्टात त्यांची बोटं खाजू लागली. मग लाल झाली, मग चिरली. मॅडमनी विचारलं, "काहून वो ताई, हाताले काय झालं?"

"खाजकुयली लागली, वावरात गेलती," शीलाताईंनी सांगून टाकलं. वावरात त्या तीन वर्षांत गेल्या नव्हत्या.

घरी तिखटात हात घालवेना. नवरा जीवन ऑटो चालवायचा. तोच भाजी टाकू लागला. तो म्हणाला, "सांगून टाक नं मॅडमले. कायले सोसून राह्यली?"

"सांगतलं तं उठवतीन मले तिथून," शीलाताई म्हणाल्या. ते खरंच होतं.

त्यातच नागपूरच्या एका दवाखान्यानं नमुना मागितला. सोमवारी खोकं जायचं होतं. फिल्म दिव्याखालून नेणाऱ्या लाईनचा वेग इंद्रजितभाऊंनी मिनिटाला आठ मीटरवरून चौदावर नेला. मशीनवर पट्टी पास झाली. शनिवारी शीलाताईंनी अंगठा टेकवला. अंगठा सुजलेला, त्याला काहीच कळेना. दगडावर ठेवला काय अन् पट्टीवर ठेवला काय. मॅडम पेन घेऊन थांबल्या होत्या.

"चांगली हाये," शीलाताई म्हणाल्या.

बसमध्ये बसल्या आणि मन खायला लागलं. आपण न कळता हो म्हटलं. उद्या ही पट्टी कोणाच्या तरी आजारी आईच्या हातावर बसणार. पर्समध्ये तपासायला घेतलेले दोन तुकडे तसेच राहिले होते, एक जुन्या सावकाश लाईनचा, एक नव्या घाईचा. रविवारी सकाळी त्यांनी डाव्या हाताला आतून जुना लावला, उजव्याला नवा, आणि वरून लांब बाह्यांचं ब्लाऊज घातलं. दिवसभर उजवा हात ठणकत होता. तरी काढला नाही. बाई हट्टी खरी.

सोमवारी सकाळी दोन्ही पट्ट्या काढल्या. डावा हात स्वच्छ होता. उजव्यावर पट्टीएवढाच लाल चौकोन उठला होता, वर बारीक पुरळ. चूल पेटवायची सोडून त्या तशाच बसून राहिल्या. बाह्या खाली ओढल्या असत्या तर कोणाला काही दिसलं नसतं. ते त्यांना चांगलं कळत होतं.

कारखान्यात खोकं टेम्पोत चढत होतं. शीलाताई सरळ इंद्रजितभाऊंसमोर गेल्या, बाह्या वर केल्या. "हा जुना, हा नवा. नवा कच्चा हाये. अन् शनिवारी मले काही समजलं नव्हतं, मी खोटं बोलली."

"अवो ताई, टेम्पो निघून राह्यला अन् तुम्ही आता सांगता?" भाऊंचा आवाज चढला. पण बोलताना त्यांची नजर त्या चौकोनावरून हलेना. शेवटी त्यांनी ड्रायव्हरला खोकं उतरवायला सांगितलं आणि स्वतः लाईनकडे गेले.

निकिता मॅडमनी दोन्ही हात उजेडात धरून पाहिले. अंगाला एकदा कच्च्या रसाची ॲलर्जी झाली की ती जन्मभर सोडत नाही, थोडा लागला तरी हात पेटतात, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. चूक त्यांचीही होती. उघडा अंगठा लावू देणाऱ्या त्याच.

"ताई, तुम्हाले आता लॅबमध्ये येता येणार नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नाही."

"माहीत हाये. म्हणूनच सांगत नव्हती."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही नसतं सांगतलं तं कोणालेच कळलं नसतं. मशीनलेही नाही कळलं."

"मले कळलं होतं नं," शीलाताई म्हणाल्या.

मग त्यांनी ॲप्रन काढला, घडी केली आणि पॅकिंगमध्ये कोणती जागा रिकामी आहे ते विचारायला गेल्या.