डावीकडे अर्धा इंच

समजा, तुमच्यासमोर एक कोरा कागद ठेवला आहे आणि त्यावर तुमचं घराणं काढायचं आहे. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. ज्याला कॅन्सर झाला त्याची खूण काळी करायची आणि तो कितव्या वर्षी झाला ते शेजारी लिहायचं. पाच मिनिटांचं काम वाटतं. करून बघा. एखाद्या मावशीपाशी पेन्सिल अडतेच.

टेपताईची तिथेच अडली.

टेपताई बायकांचे कपडे शिवते. गळ्यातली टेप जेवतानाही काढत नाही, म्हणून हे नाव. वय छत्तीस. आई गेल्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली. आजार पन्नासाव्या वर्षी कळला होता. म्हणून ती दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंसमोर बसली होती, टेप गळ्यात तशीच.

"घरात सगळ्यात कमी वयात जिला झाला, तिच्या वयातून साधारण दहा वजा करायचे," बाई म्हणाल्या. "तिथून दरवर्षी तपासणी. आईचं वय धरलं तर तुमची चाळिसाव्या वर्षी. रक्ताची जनुक-चाचणीही करू, पण तिला वेळ लागतो. ही धाकटी मावशी कशाने गेली?"

"कावीळ झाली. छत्तिसाव्या वर्षीच गेली. तपासण्या व्हायच्या आतच गेली."

"कॅन्सर यकृतात पोचला तरी कावीळ होते. आधी छातीत गाठ, दुखणं, असं काही?"

"छे हो. मापं मीच घ्यायचे ना तिची. मला कळलं नसतं का?"

बाईंनी मावशीचा गोल कोराच ठेवला आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

टेपताई दुकानात परतली ती जरा हलकी होऊनच. "मला चार वर्षं सुट्टी," तिने धाकटीला सांगितलं. धाकटी म्हणजे तिची बहीण, एकोणतीस वर्षांची, काजं-बटणं करणारी.

"म्हणजे मला अकरा. तोवर तू म्हातारी होशील ताई, मीच नेईन तुला धरून."

"आधी ती हुकं सरळ लाव."

पण 'मला कळलं नसतं का' हे स्वतःचंच वाक्य तिला स्वस्थ बसू देईना. संध्याकाळी तिने फळीवरून जुन्या मापवह्या काढल्या. मावशीचं पान सापडलं. अकरा वर्षांपूर्वीच्या सात महिन्यांत एकाच ब्लाउजच्या तीन नोंदी होत्या.

धाकटी मोठ्याने वाचू लागली. "छाती बत्तीस. डावीकडे पाव इंच सैल करणे... डावीकडे अर्धा इंच सैल करणे, दाब संपला... डावा मुंढा नवा कापणे. काय गं ताई, एका ब्लाउजला तीनदा? अगदीच नवशिकी होतीस!"

टेपताई हसली नाही.

दुकान उघडून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मावशी तिच्याहून नऊच वर्षांनी मोठी, मैत्रिणीसारखी. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "तुझी कात्री रुसलीय का माझ्यावर? एकच बाजू कशी आवळते?" टेपताईने छातीवरच्या चुणीचा टक्स उसवला आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. दुसऱ्या वेळी शिवणीत सोडलेलं जादा कापडही संपलं. तिसऱ्या वेळी मावशीने थट्टा केली नाही. टेपताईचा हात धरून तिने काखेपाशी नेला. "इथे बघ. इथे लागतंय."

टेपताईने बाहीच्या मुंढ्याची शिवण चाचपली, कापड चाचपलं. "दंड भरलाय तुझा. जिभेला आवर घाल जरा."

मावशी हसली आणि ब्लाउज ठेवून गेली. तेव्हा तिचं वय चौतीस.

"चौतिसातून दहा गेले..." धाकटी म्हणाली. चोवीस दोघींनीही केव्हाच ओलांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी समुपदेशक बाईंनी ते पान दोनदा वाचलं. "हा काही वैद्यकीय पुरावा नाही. गोल मला काळा करता येणार नाही. पण हे वाचल्यावर चार वर्षं थांबा, असंही मी म्हणणार नाही. दोघींची तपासणी आत्ताच करू."

धाकटीची स्वच्छ निघाली. टेपताईच्या उजव्या बाजूला, खोलवर, शर्टाच्या बटणाएवढी गाठ होती. बोटांना लागतही नव्हती. चाळिशीपर्यंत थांबली असती तर कुठवर पोचली असती, हे तिने डॉक्टरांना विचारलं नाही. स्तन काढावा लागला. जनुकातला दोष तिच्यात निघाला, मग धाकटीतही. धाकटीची अकरा वर्षं एका कागदाने संपली. आता दरवर्षी एमआरआयच्या यंत्रात जाऊन पडायचं.

औषधांनी टेपताईचे केस गेले, बोटांची टोकं बधिर झाली. सुईत दोरा धाकटी ओवून देते. कापडाचा पोत आता तिला गालाला लावून बघावा लागतो.

परवा धाकटी तिच्यासाठी नवा ब्लाउज बेतायला बसली. ताईच्या गळ्यातली टेप तिने स्वतःच काढून घेतली. "गिऱ्हाइकासारखी गप्प उभी राहा. हात वर." उजवीकडचं माप वेगळं लिहिलं, डावीकडचं वेगळं. मग डाव्या काखेखाली टेप आवळून विचारलं, "इथे लागतंय?"

टेपताईने तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

"मावशीने असाच माझा हात धरून नेला होता गं," ती म्हणाली. "ती मला शिवण दाखवत होती, की गाठ?"