होडीच्या गाडीचा निळा कंदील

आमच्या घरात दिव्याची पारख मला फार, अशी माझी ख्याती आहे. म्हणजे कोणी नवा कंदील आणायला निघालं, की मला आधी दुसऱ्या कामाला लावून देतात. ही ख्याती मी जव्हारच्या पेठेत, भर दुपारी, स्वतःच्या अकलेने मिळवली.

तेव्हा मी संस्थानच्या कचेरीत धाकटा कारकून होतो. संस्थानची एक होडी होती. सहा माणसांची, पांढऱ्या रंगाची. डोंगरावरच्या गावाला होडी कशाला, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारायचो, पण हळू आवाजात. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी ती एका लांबलचक बैलगाडीवर बांधून मोखाड्यावरून खोडाळ्याकडे, वैतरणेच्या डोहावर न्यायची, पाहुण्यांना फिरवायचं आणि परत आणून छपराखाली पालथी घालायची. पाण्यापेक्षा तिचा प्रवास गाडीवरच जास्त झाला.

त्या वर्षी गाडीचे दोन्ही कंदील गेले होते. पुढच्याची काच फांदी लागून फुटली होती आणि मागचा वाटेत कुठेतरी पडला होता. मागचा नसल्यामुळे गेल्या खेपेला डाकेच्या टांग्याचं घोडं अंधारात होडीत तोंड घालून उभं राहिलं होतं. तेव्हा वरिष्ठांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "दोन कंदील निवडून आणा आणि गाडीबरोबर तुम्हीच जा." त्यांना वाटलं, एक कटकट मिटली. मला मात्र आभाळ ठेंगणं झालं.

कारण खोडाळ्याच्या अलीकडे, दरीपलीकडच्या उतारावर माझी सासुरवाडी होती. बायको पहिल्या बाळंतपणाला गेली, ती तिथेच अडकली होती. मुलगी सहा महिन्यांची झाली, पण मी तिला पाहिलं नव्हतं. रजा मिळाली नाही म्हणून बारशाला मी गेलो नाही, आई गेली. आणि तिथे मिळालेलं लुगडं विहिणीला द्यावं असं नव्हतं, असं म्हणत परत आली. तेव्हापासून आई म्हणे, "त्यांनी आणून पोचवावी." सासरे म्हणत, "त्यांनी येऊन न्यावी." दोघांचंही म्हणणं मला पटायचं. मी एकटाच उठून गेलो असतो, तर आई अन्न सोडणार होती. निदान तसं तिने जाहीर केलं होतं, आणि आईच्या जेवणाच्या बाबतीत धोका पत्करण्याची माझी छाती नव्हती.

तर मला उतरायचं नव्हतंच. फक्त वळणावरून जाताना तिला कळावं, की हा मी चाललो आहे. त्या रस्त्याने बाकीच्याही गाड्या जायच्या, आणि सगळ्यांचे कंदील पिवळट. माझा वेगळा हवा होता.

गाडीवान जामसरकडचा, माझ्या वडिलांच्या वयाचा. तो लहानथोर सगळ्यांना 'तू'च म्हणायचा. त्याच्या बोलीत 'अहो' नव्हतंच. त्याने दुकानात शिरल्याबरोबर पुढचा कंदील उचलला. साधा, बसकट, जाड काचेचा. "हा गाडीखाली टांगायचा," तो म्हणाला. "बैलाला भुई दिसली म्हंजे झालं. तुझा तू बघ."

माझा मी बघू लागलो. दुकानदाराने मला मागच्या अंधाऱ्या कोठारात नेलं आणि तीन रंगांच्या काचांचे कंदील एकामागून एक पेटवून दाखवले. "लाल घ्या, लांबून दिसतो," तो म्हणाला. मी म्हटलं, लाल तर रस्ता खचला की लावतात. तिला वाटेल, वळणावर खड्डा पडलाय. हिरवा मला आजारी वाटला. मग निळा लावला. कोठारभर असा काही निळा उजेड पसरला, की गुळाच्या ढेपासुद्धा देखण्या दिसायला लागल्या. ती माहेरी गेली तेव्हा निळं लुगडं नेसली होती. निवड तिथेच झाली.

"साहेब, हा कोठारात शोभतो," दुकानदार चाचरत म्हणाला.

गाडीवानाने डोकं आत घातलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "दादा, हा दिवा बघाया दुसरा दिवा लागंल."

मी दोघांनाही अडाणी ठरवलं. दोन हात रुंदीच्या खोलीत बसून मी आख्ख्या दरीसाठी दिवा निवडत होतो, हे माझ्या लक्षात आलं नाही.

आता तिला कळवायचं कसं? तिला वाचता येत नव्हतं. घरात आलेलं पत्र तिचा भाऊ ओसरीवर सगळ्यांना वाचून दाखवायचा. म्हणून मी सासऱ्यांना लिहिलं: 'संस्थानची होडी येत्या गुरुवारी सायंकाळी आपल्या समोरील वळणावरून जाईल. गाडीस मागे निळा कंदील राहील. सोबत मी असेन. कळावे.' जावयाने असं पत्र का धाडावं, याचा सासरे दोन दिवस विचार करत होते म्हणे. सरकारी हुकूमच असावा असं समजून गुरुवारी त्यांनी सगळं घर अंगणात आणून उभं केलं.

गुरुवारी ऊन कलल्यावर आम्ही मोखाड्याहून निघालो. वळणावर पोचलो तेव्हा नुकता अंधार पडला होता. गाडीवानाने न सांगताच बैल थांबवले आणि विडी काढली. मी मागे धावलो, निळा कंदील आकड्यावरून काढला आणि डोक्याशी उंच धरून इकडून तिकडे हलवू लागलो. समोर पाहिलं. काही नाही. घर नाही, अंगण नाही, उतारसुद्धा नाही. नुसता काळोख.

"दिवा खाली ठेव," गाडीवान म्हणाला. "डोळ्याशी दिवा धरून पलीकडं कसं दिसंल?"

"खाली ठेवला आणि नेमकं तेव्हाच ती बघत असली तर?"

"मग जा ना उतरून. पाय नाय का तुला? आम्ही बसतो इथं. बैलांना कुठं घाई हाय?"

पायवाट तिथूनच खाली उतरत होती. ओढा ओलांडून पलीकडे चढलं की घर. मी त्या वाटेकडे पाहिलं, आईचं ताट आठवलं, सासऱ्यांचं तोंड आठवलं, आणि कंदील दुसऱ्या हातात घेतला. हात बदलण्यापलीकडे त्या संध्याकाळी माझ्याकडून काहीही पराक्रम झाला नाही. विडी संपली. गाडीवानाने माझ्याकडे न बघता बैलांना हाक दिली.

दसऱ्यानंतर आईच्या गुडघ्यांनी मानपानाची बाजू सोडली. विहिरीवरून पाणी आणवेना, तेव्हा ती म्हणाली, "जा बाबा, घेऊन ये तिला." मी गेलो. मुलगी वर्षाची झाली होती. मला बघून तिने असा टाहो फोडला, की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

घरी आल्यावर काही दिवसांनी, वाकळ घालताना, बायको आपणहून म्हणाली, "अहो, त्या दिवशी निळा दिवा काही दिसला नाही हो."

"मुळीच?"

"मुळीच. दादा म्हणाला, निळा दिवा नाही, म्हणजे भावोजी आलेच नाहीत. सगळे आत गेले. मी हिला घेऊन उभीच राहिले. मग होडी दिसली."

गाडीवानाचा तो बसकट कंदील गाडीखाली टांगला होता. त्याचा उजेड खालून होडीच्या पांढऱ्या पोटावर पडला होता. बैल दिसत नव्हते, चाकं दिसत नव्हती. डोंगराच्या कडेला नुसती होडी उभी होती. "मला वाटलं, थांबलीये म्हणजे तुम्ही आहात," ती म्हणाली. "मग मी हिला दोन्ही हातांनी वर धरलं. हात भरून येईपर्यंत. आत कोणी हसेल म्हणून दिवा नाही आणला. दिसली ना तुम्हाला?"

"दिसली की," मी म्हणालो.

तिने वाकळीवरून हात फिरवला. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला, आणि खरं सांगायची वेळ तिथेच निघून गेली.

पुढे मुलगी कळती झाली, तिला ही गोष्ट फार आवडायची. दर खेपेला ती काहीतरी नवं विचारायची आणि मी सांगायचो. टोपडं होतं. मुठी वळलेल्या होत्या. मी इतकं सांगितलं, की आता डोळे मिटले तर ते मूल मला दिसतंसुद्धा. पण ते मीच केलेलं आहे, हेही मला ठाऊक असतं. आता ती सासरी असते, वाडा गावाच्या बाजूला. यंदा माहेरपणाला आली होती, कडेवर स्वतःचं मूल. जेवणं झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, तुम्ही मला पाहिलंत तेव्हा मी काय करत होते?"

"पाय हलवत होतीस," मी ठोकून दिलं.

चुलीपाशी बायको निखारे मागे ओढत होती. ती वळून म्हणाली, "हो ग, हलवत होतीस खरी. माझ्या तोंडावर लाथ बसली होती."

इतक्या वर्षांनी त्या संध्याकाळची एवढी एक गोष्ट मला मिळाली, की पाय हलत होते.