पाणवठ्याची तारीख

नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात श्रीगोंद्याला वनरक्षकांसाठी हवामान बदलाचं प्रशिक्षण होतं. मी एका संस्थेची पत्रकं वाटायला गेलो होतो. मागच्या बाकावर एक वनरक्षक गुडघ्यावरच्या टोपीची शिवण सारखी चाचपत होता.

प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी त्याचीच नोंदवही उंचावली. "माळावरच्या पाणवठ्यात पाणी सोडायची तारीख दरवर्षी तीच, एक एप्रिल. म्हणजे आपल्याकडे उन्हाळा सरकलेला नाही."

चहाच्या वेळी तो मला हळूच म्हणाला, "आता ऊन लवकर चढतं; पानी मी म्हैनाभर आधीच सोडतो. काळविटं तहानेनं माळावर थांबत न्हाईत. पन हुकूम एक तारखेचा, म्हनून वहीत एक तारीख."

"मग आत खरं सांगा!"

"सांगतो की! हुकमाबिगर पानी सोडलं म्हनून मेमो देतील, अन् पुढच्या साली एक तारखेपर्यंत हात बांधतील. तवर काळविटांना तुमचं पत्रक पाजू व्हय?"

माझ्या हातातलं पत्रक खोट्या सरकारी नोंदींविरुद्धच होतं.

शेवटी साहेबांनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

मी हात वर केला. वनरक्षकाची बोटं टोपीच्या शिवणीवर थांबली. वही खरी करावी की पाणवठा भरलेला राहू द्यावा, मला ठरवता येईना. मी हात खाली घेतला. तो हात नेमका कशासाठी खाली आला, ते मला अजून कळलेलं नाही.