पिंपळगावच्या उन्हात ठेवलेलं आइस्क्रीम

जे कधी थंड नव्हतंच, त्याला पहिल्यांदा आइस्क्रीम कुणी म्हटलं असेल? मला माहीत नाही. सोमवारी नाशिकहून निघाले तेव्हा असलं काही जगात आहे, हेही माहीत नव्हतं.

आई पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडते. तिचाच फोन आला. "पोलंडचा साहेब माल बघाया आलाय. त्याचं इंग्लिश इथं कुनाला कळंना. तुला शिकवलंय कशाला?" घरातल्या पहिल्या पदवीधराला अशी बोलावणी येतात. मलाही तिच्याशी भांडायचंच होतं. पहिल्या पगारात तिला काहीतरी चैनीचं द्यावं, असं माझ्या मनात होतं. साडी नको म्हणाली. आइस्क्रीम तिने कधी खाल्लं नाही, थंड खाल्लं की दाढा ठणकतात. शेवटी मी फ्रिज बुक केला, तर म्हणाली, "दिवसभर फ्रिजातच उभी असते मी. घरी आनखी एक कशाला?"

एसटीने तासाभरात पोचता येतं, बायकांना अर्धं तिकीट. स्टँडवर पाववडा खाऊन घ्या, पुढे शेअर रिक्षा मिळते. पॅकहाउसमध्ये मात्र द्राक्षांसाठी सतत गारवा असतो, स्वेटर लागतो. मी नेला नव्हता.

पोलंडचे पाहुणे, मारेक, यांनी घरून आणलेला खोका उघडला. आत वेफरचे कोन, वर पांढरा फेस. त्यांच्याकडे याला ‘गरम आइस्क्रीम’ म्हणतात. त्यांच्या वडिलांच्या लहानपणी बर्फाच्या पेट्या दुर्मीळ होत्या, म्हणून मिठाईवाले अंड्यातला पांढरा भाग साखरेच्या पाकात फेटून कोनात भरायचे. वितळत नाही, घसा धरत नाही. पहिल्यांदा कुणी केलं? मारेक हसले. प्रत्येक गाव म्हणतं, आम्ही.

मी हे सगळं मराठीत सांगितलं. बायकांनी एकच शब्द धरला.

"अंडं? आज सोमवार हाय गं बाई."

"मग उद्या खा, मावशी," सुपरवायझर भाऊसाहेब म्हणाले. आल्या मालाला आधी गारवा द्यायचा, हा त्यांचा नेम. मी पाहुण्यांना चहा देईपर्यंत खोका द्राक्षांसोबत कोल्ड रूममध्ये गेला होता. जगात ज्या एका आइस्क्रीमला थंडीची गरज नाही, ते रात्रभर शून्य अंशाला.

मी आईकडे मुक्काम केला. मंगळवारी खोका निघाला तेव्हा वेफर ओलसर, फेस गारठलेला. आईने बोट लावून हात मागे घेतला. "दाढंला नाय चालायचं."

"उन्हात ठेवा की," भाऊसाहेब म्हणाले. "गरमच असतं ना ते?"

मग पत्र्यावर सुपात आइस्क्रीम वाळत घातलं, वर ओढणी. मारेक फोटो काढत होते. एक बाई कावळे हाकत होती. "कुरडया का गं?" शेजारून कुणीतरी विचारलं. "आइस्क्रीम," आई शांतपणे म्हणाली.

अर्ध्या तासाने तिने डोळे मिटून घास घेतला. आम्ही सगळे तिच्या गालाकडे बघत होतो.

"दाढ गप हाय," ती म्हणाली. कोन संपवला, बोट चाटलं. "आनखी हाय का?"

स्वतःसाठी काही मागताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

नाशिकला परतल्यावर बराच विचार केला. पोलंडहून काय आलं, तर अंडं आणि साखर. दोन्ही आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिळतात. शनिवारी फ्रिज रद्द केला आणि अंडी फेटायचं यंत्र घेतलं. दोन घाणे बिघडले. तिसऱ्याचे आठ कोन काल भर दुपारी एसटीने नेले आणि आईच्या ओट्यावर उघडेच ठेवून आले. वार बघून गेले होते, रविवार होता.