त्या दिवशी पाऊस: शून्य

मी तळवड्याला एका छोट्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. पार्ट मापात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट... मधलं काही नसतं. त्यामुळे कुणी भुताखेताच्या गोष्टी सुरू केल्या की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. इथे हे लिहिताना तेच लोक आठवतायत. त्यांच्याकडे मी कोणत्या नजरेनं बघत होते, तेही आठवतंय.

आम्ही मूळचे लातूरकडचे. पप्पा नोकरीसाठी इकडे आले, आणि संत तुकाराम नगरमध्ये आम्ही दोघं भावंडं वाढलो. मी मोठी, नीलेश माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. तो चाकणला एका प्रेस शॉपमध्ये पत्रा ठोकायच्या मशीनवर ऑपरेटर होता. बुलेट घ्यायची म्हणत म्हणत जुनीच हंक चालवायचा. स्वभावानं गरीब, पण बहाणे सांगण्यात एक नंबर. लग्नाला जायचं नसलं की पोट दुखायचं, पाहुणे येणार असले की ओव्हरटाइम लागायचा. मी त्याचे बहाणे पकडायचे आणि तो हसायचा. घरात आमचं हे असंच चालायचं.

आठ वर्षं झाली. मार्च संपत आलेला. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता पिंपळे गुरवला नीलेशसाठी मुलगी बघायला जायचं होतं. स्थळ मीच आणलं होतं, माझ्या मैत्रिणीची चुलत बहीण. नीलेश आठ दिवस टाळाटाळ करत होता. शेवटी कबूल झाला की फर्स्ट शिफ्ट सुटली की सरळ घरी येतो.

ऊन इतकं कडक होतं की आईनं सकाळी गच्चीवर घातलेल्या कुरडया दुपारपर्यंत खडखडीत वाळल्या होत्या. मी हाफ डे टाकून माहेरी आले होते. चार वाजायला आले तरी साहेबांचा पत्ता नाही. मग त्याचाच फोन आला.

"ताई, मी थांबलोय गं रस्त्यात. गारा पडतायत. सुपारीएवढ्या."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या बिल्डिंगच्या पत्र्यावर ऊन नुसतं चकाकत होतं. त्याच्या फोनमध्ये मागे ताडताड असा मोठा आवाज येत होता. मला वाटलं, हा अजून कंपनीतच आहे आणि प्रेसचा आवाज येतोय.

मी चिडले. इथे घामाच्या धारा लागल्यात आणि तुझ्याकडे गारा का, म्हणाले. मुलगी बघायची नाही तर तसं सांग, पण चार लोकांत माझं नाक कापू नकोस. तो म्हणाला, "खरंच सांगतोय ताई, दहा मिनिटं थांबतो, पाऊस कमी झाला की निघतो." आणि मी म्हणाले...

हे आठ वर्षांत मी कुठेच लिहिलं नाही. मी म्हणाले, "खोटं बोलू नकोस. आत्ताच्या आत्ता निघ."

तो म्हणाला, "बरं. निघतो."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण विस्तारानं मला सांगता येत नाही. चाकणच्या अलीकडे एका वळणावर समोरून कंटेनर आला. हेल्मेट होतं, तरी मार आतून लागला होता. आम्ही हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा तो गेलेला होता.

त्याचे कपडे आम्हाला एका प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळाले. घरी आल्यावर आईनं ती उघडली. शर्ट, पँट, मोजे, सगळं ओलंचिंब. रक्त अगदी थोडं होतं, बाकी नुसतं पाणी. पिशवीच्या तळाशीसुद्धा पाणी साचलेलं. तिथे धुतले असतील, असं पप्पा म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी जाऊन सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, आम्ही कशाला धुऊ? आणला तेव्हाच पेशंट पूर्ण भिजलेला होता, आमची चादरसुद्धा ओली झाली.

तेव्हापासून माझं डोकं एकाच जागी अडकलं. पाऊस होता की नव्हता?

बाहेरच्याला हे वेड वाटेल. पण माझ्यासाठी सगळं त्यावरच होतं. पाऊस नव्हता, तर नीलेशनं नेहमीसारखा बहाणा केला होता आणि मी मोठ्या बहिणीनं रागवावं तशी रागावले होते. पाऊस होता, तर तो आडोशाला सुखरूप उभा होता आणि मी त्याला तिथून बाहेर काढलं.

चाळीस दिवसांनी मी पुण्याला हवामान खात्याच्या ऑफिसात गेले. तिथले एक वयस्कर गृहस्थ फार सज्जन निघाले. कारण न विचारता त्यांनी त्या तारखेची नोंद काढून दिली. आकाश निरभ्र. पाऊस शून्य. आठवड्यातला सगळ्यात गरम दिवस. मी तिथेच बसून राहिले, तेव्हा त्यांनी बहुधा माझ्यासाठीच मागच्या बऱ्याच वर्षांची तीच एक तारीख काढून दाखवली. कुठे कमाल, कुठे किमान, एखाद्या वर्षी ढगाळ... आणि पावसाच्या रकान्यात प्रत्येक वर्षी शून्य. मी म्हटलं, एखाद्याच शिवारात पडला आणि तुमच्या यंत्राला कळलंच नाही, असं होतं का? ते म्हणाले, होतं की. वळवाचा पाऊस कधी कधी रस्त्याच्या एका बाजूला पडतो आणि दुसरी बाजू कोरडी राहते. मग त्यांनी त्या दुपारचं उपग्रहाचं चित्र उघडलं. पुणे जिल्ह्यावर कापसाच्या पुंजक्याएवढासुद्धा ढग नव्हता.

तरी मी त्या जागेवर गेले. एकटीच, रविवारी दुपारी. वळणाच्या थोडं अलीकडे रस्त्याला लागून एक शेत आहे आणि शेतात मोटरीसाठी पत्र्याची खोली. शेताच्या मालकीणबाई बांधावर बसल्या होत्या, हौसाबाई नाव त्यांचं. मी कोण ते सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की अपघात झाला त्या दिवशी इथे पाऊस झाला होता का?

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "आमचा समदा कांदा काढून उघड्यावर पडला हुता. थेंब जरी पडला असता तरी आमी ऊर बडवत पळालो असतो. लखलखीत ऊन हुतं."

मी उठायला लागले. तर त्या स्वतःहूनच पुढे बोलू लागल्या. तो पोरगा आधी त्यांच्या पत्र्याच्या खोलीला टेकून उभा होता. गाडी बाजूला, अंग चोरून, पत्र्याखाली जेवढी जागा होती तेवढ्यात. त्यांना वाटलं, उन्हाचा थांबला असेल. त्यानं फोन लावला, बोलला, फोन खिशात ठेवला आणि वर आभाळाकडे बघत थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग निघाला.

"आन गाडीवर बसला तर डाव्या हातानं सारखी त्या हेल्मेटची काच पुशीत हुता. मान खाली घालून. म्या म्हनलं, यवढ्या उन्हात ह्यो काय पुसतोय? तवर त्यो वळनावर गेलाबी."

आवाज झाला तशा त्या पळत गेल्या. त्याचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. लुगडं भिजलं त्यांचं. विहिरीतून काढावा तसा ओला होता म्हणाल्या, आणि अंग बर्फासारखं गार. त्यांनी पाणी देऊ का विचारलं, तर नको म्हणाला.

"काय बोलला?" मी विचारलं.

"म्हनला, ताईला सांगा, निघालोय."

मी तिथेच बांधावर बसले. मग त्यांना सांगितलं की ती ताई मी. फोनवर काय बोलले तेही सांगितलं. जन्मात पहिल्यांदा भेटलेल्या त्या बाईला, जे घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, माझा हात धरून त्या खोलीपर्यंत नेलं आणि तो कुठे उभा होता ती जागा दाखवली. पत्रा तापला होता. मी भिंतीला पाठ लावून बराच वेळ उभी राहिले. त्या बांधावर थांबल्या होत्या.

आईला सांगायला मला आणखी सात वर्षं लागली. पप्पा गेल्यावर, मागच्या वर्षी. आम्ही दोघीच होतो, ती गवार निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तू बोलत होतीस तवा मी दारातच होते की. मीच तुला खुणावलं, लवकर निघ म्हणावं म्हणून. तू माझ्याकडं बघितलंस आणि मग त्याला बोललीस."

मला हे अजिबात आठवत नाही. आजही आठवत नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलली का, हेसुद्धा मला कळत नाही.

मग ती म्हणाली की नीलेशचा तो शर्ट तिनं गच्चीवर वाळत घातला होता. एका उन्हात कुरडया वाळतात, पण तो शर्ट तीन दिवस वाळला नाही. ती रोज जाऊन हात लावून बघायची. पाणी ठिबकत राहायचं. चौथ्या दिवशी एकदम कोरडा झाला, तशी तिनं घडी घालून ठेवून दिला. कुणाला सांगितलं नाही, पोरीच्या मनाला आणखी कशाला लावून घ्यायचं म्हणून.

एवढंच आहे. नोंदीत शून्य आहे, चित्रात ढग नाही, कांदा कोरडा होता. आणि माझा भाऊ भिजलेला होता. मी मोजमापातली बाई आहे, ही दोन्ही मापं मी आठ वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघतेय. ती जुळत नाहीत.

पण मी आता एक ठरवलंय. पाऊस होता, असंच मी मानते. तसं मानलं की चूक माझ्यावर येते, ते मला कळतं. ती माझ्याकडेच राहू दे.

तुमच्यापैकी कुणाला याचा उलगडा होत असेल तर जरूर सांगा. भास म्हणा, योगायोग म्हणा, मला वेड लागलंय म्हणा. तो खोटं बोलत होता, एवढं मात्र म्हणू नका.