अमीबा आणि माझा वेगळा गिलास

हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून मी गोंदियाला दातांच्या डॉक्टरकडे गेले. नवरा सोबत होता. डॉक्टरनं हिरडीच्या फटीतलं थोडं खरवडून काचेवर घेतलं आणि मायक्रोस्कोपमधून स्क्रीनवर दाखवलं. एक पाणचट ठिपका हळूहळू सरकत होता. अमीबा! शाळेच्या पुस्तकात पाहिलेला, आता माझ्या तोंडात.

"घबराने की बात नहीं," डॉक्टर म्हणाला. "बहुतों के मुँह में रहता है. एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. हिरड्या साफ करून घ्या, ब्रश नीट करा. घरच्यांचंही तोंड एकदा दाखवा."

आमच्या ह्यांनी मधलं एक वाक्य तेवढं उचललं. आमचं गाव केशोरी यायच्या आत, बसमधूनच, फोनवर सासूला सांगून मोकळे.

दुसऱ्या दिवशी माझं ताट वेगळं, गिलास वेगळा. गिलासाला खूण म्हणून लाल नेलपॉलिश, तीही माझीच! तेही सोसलं असतं. पण माझी लहानगी लेक रोज माझ्याच ताटात, माझ्याच हातानं जेवते. तिला सासूनं उचलून आपल्याजवळ बसवलं. पोरगी रडत रडत उपाशी झोपली. माझा नुसता जळफळाट झाला.

आणि सासूचं तोंड काय गंगाजळानं धुतलेलं? दिवसभर बोटानं हिरड्यांवर तंबाखूची गुडाखू घासते, अन् तेच बोट पोरीच्या वरणभातात! ह्यांचं तर विचारूच नका. पानठेल्यावर सुपारी-तंबाखू घोटलेल्या खर्ऱ्याची एक पन्नी, अन् सगळ्या दोस्तांची उष्टी बोटं त्याच पन्नीत. तिथं नाही का जात अमीबा?

एक दिवस भर अंगणात ह्यांना विचारलं, "काऊन जी, माह्याच तोंडात हाये का तो? चला, तुमचंबी दाखवू."

"मले काई नाई झालं."

"मंग भेता कायले?"

शेजारच्या बाया ऐकत होत्या, म्हणून हे गोंदियाला आले.

"मुँह खोलो," डॉक्टर म्हणाला. ह्यांनी उघडलं. "और खोलो."

"इतनाच खुलता है."

कसंबसं एक बोट आत गेलं. गाल आतून पांढरे, ताठ. डॉक्टर अमीबाचं विसरूनच गेला. "तिखट झोंबतं? कबसे?"

"सालभर झालं."

सालभर! आणि मला म्हणायचे, भाजी झोंबते, तुला स्वयंपाक येत नाही. मी मुकाट मिरची कमी करत गेले! डॉक्टरनं खर्रा त्याच दिवसापासून बंद सांगितला. कॅन्सर तर नाही ना, म्हणून गालाचा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवू म्हणाला.

संध्याकाळी जेवताना हे चिमटीएवढा घास तोंडात सारत होते. मग लेकीला म्हणाले, "जाय, मायच्या ताटात जेव."

पोरगी धावत आली. तिला पोटभर भरवलं. मग मी उठले, ह्यांच्या सदऱ्याच्या खिशातली पन्नी काढली आणि चुलीत घातली. नेलपॉलिशवाला गिलास भरून ह्यांच्यापुढे आदळला.

"प्या."

हे मुकाट प्याले.